तव्यावरचा अंगठा

माझ्या पोटच्या पोराला मीच हाणलं. लोखंडी फुकणीनं, मनगट मोडेस्तवर. चारठाण्यात कुणी बी विचारावं, मी हेच सांगते. मला कशाची लाज न्हाई.

महारुद्र माझा थोरला, राजेश्री त्याच्या पाठची. ती परभणीला दवाखान्यात नर्स, आन धम्मानंद बी तिथंच कामाला व्हता. दोघांनी रजिस्टर लगीन केलं. आमी मराठे, ते बौद्ध. गावानं तोंडं वाकडी केली, महारुद्रानं तर बहिणीचं नाव टाकलं. नाव टाकलं तरी हक्कसोडीसाठी फोन मातर न चुकता करायचा. बाप गेल्यापासून जमिनीवर तिचं बी नाव लागलेलं ना. आमच्याकडं बहिणी अंगठा देऊन हिस्सा सोडतात, भाऊ साडी नेसवतो, झालं.

पुढं जावई जर्मनीला लागला. ही मागं राहून तिकडची भाषा शिकायली, परीक्षा द्यायली. मोबाईलवर त्याचं तोंड बघत जेवायची. लगीन झालेली पोर आन नवरा काचंत. मला बघवत नव्हतं. शेवटी तिकडच्या एका दवाखान्यानं तिला बी काम दिलं. आता फक्त व्हिसा राहिला. सोमवारी मुंबईला बोटांचे ठसे द्यायचे व्हते. त्याच्या आधी मला भेटाया आली.

"माय, जायच्या आधी भाऊला हक्कसोड देऊन टाकते," ती म्हणली. "मला काय करायची जमीन."

हे त्याच्या कानावर जायच्या आधीच पारावरच्या कुणीतरी त्याला डिवचलं. बहीण चालली म्हणं साहेबीण व्हायला, आता तिची लेकरं येतील हिस्सा मागायला. त्यो तणतणत घरी आला. मी चुलीवर भाकरी करायले, राजेश्री शेजारी बसून जावयाशी बोलायली. "ठसे झाले की सुटले बघा मी," एवढंच महारुद्रानं ऐकलं.

तिची येणी धरली आन फरफटत चुलीपाशी आणली. "ठसे देती काय? दे." उजव्या हाताचा अंगठा धरला, तव्यावर ठिवला, आन वरून दाबला. चर्र झालं. मला आधी वाटलं भाकर करपली. मग पोरगी वरडली.

आता हे बी ऐका. आमच्याकडं रेशनला अंगठा, निराधारच्या पगाराला अंगठा, विम्याला अंगठा. मुडद्याला वाटलं, अंगठा गेला की माणूस गेलं, मग कसला व्हिसा आन कसला हिस्सा. बाकीची बोटं त्याच्या हिशोबात नव्हतीच.

हातात फुकणी व्हती. मी त्याच्या मनगटावर घातली. हाड वाजलं. त्यानं पोरीला सोडलं आन माझ्या छातीत लाथ घातली. मी भिंतीवर जाऊन आदळले, दात पडला. रगत थुकून उठले आन गुडघ्यावर घातली. त्यो खाली बसला. मग खांद्यावर, पाठीवर, जिथं घावंल तिथं. नऊ महिने पोटात वागवलेलं लेकरू हाय, हे मला त्या वक्ताला आठवत नव्हतं. आज आठवतंय, तरी वाईट वाटत न्हाई.

राजेश्रीनंच माझा हात धरला. "माय, बास. मरंल त्यो."

आन मग काय केलं मालूम हाय? अंगठ्याचं कातडं तव्याला चिकटलेलं, तसल्या हातानं हिनं त्याच्या मनगटाला फळी बांधली. एका हातानं आन दातानं गाठ मारली. त्याच्यानंतर रांजणात आपला हात घातला. त्यो भिताडाकडं तोंड करून कण्हायला.

सोमवारी तिची सासू चांगुणाबाई तिला मुंबईला घेऊन गेली. तिथल्या माणसानं फोड बघून इचारलं. "स्वयंपाक करताना भाजलं," ही म्हणली. भावाचं नाव घेतलं न्हाई. त्यानं तसं लिहून घेतलं आन बाकीच्या नऊ बोटांचे ठसे घेतले. नऊवर बी व्हिसा आला.

तिला सोडाया सेलूच्या टेशनावर आमी दोघी इहिणी गेलो. गाडी यायली, तेवढ्यात महारुद्र आला. हात पलस्तरात. काखंत हक्कसोडीचा बाँड, खिशात शाईचा डबा.

"राजू, झालं गेलं इसर," त्यो म्हणला. लय मऊ आवाज काढला. "तू माईला बोलली व्हतीस म्हणं. तेवढा अंगठा दे. पुढचं दलाल बघून घेईल."

तिनं हातावरचा रुमाल सोडला. अंगठा गुळगुळीत, लाल. एक रेघ उरली नव्हती.

"तू घेतलास की भाऊ," ती म्हणली. "घरी जाऊन तव्यावर बघ."

ती माझ्या पाया पडली, सासूच्या पाया पडली आन डब्यात चढली. गाडी हालली तशी तिनं त्याच हातानं टाटा केला. मी पार रडले.

गाडी गेल्यावर त्यो माझ्याकडं वळला. "माय, तू तरी दे. तुझं बी नाव हाय जमिनीवर."

मी म्हणलं, आण. त्यानं घाईघाईनं डबा उघडला, धड हातानं बाँड गुडघ्यावर सरळ केला. मी अंगठा शाईत चांगला बुडवला आन त्याच्या कपाळाला लावला. दाबून लावला, त्यानं दाबला तसा.

"चल घरी," म्हणलं. "भूक लागली असंल. तवा अजून त्योच हाय."