बिनआवाजाची बुटकी

"गाडी आहे का मांजर? आवाज म्हणून नाही." बुटांच्या नाड्या बांधता बांधता आमचे हे पुटपुटले. "पाठीशी येऊन उभी राहते तरी पत्ता नाही."

"मग दादाला सांगा ना, हॉर्न वाजवत जा म्हणून."

"हॉर्नचं काय गं, मला ऐकू येतंच..." म्हणाले आणि तिथंच थांबले. हे वाक्य आमच्या घरात कुणी पूर्ण करत नसे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडील गेल्यावर मला त्यानंच वाढवलं, आणि माझं लग्न ठरवताना ह्यांना रेल्वेच्या डेपोत चिकटवलं तेही त्यानंच. तो डबे ढकलायचं इंजिन चालवतो. हे दोन डब्यांच्या मधे शिरून साखळी अडकवतात. म्हणजे दिवसभर माझा नवरा माझ्या भावाच्या हातात असतो. मी शेजारच्या शेडमधे डबे धुते आणि दोघांची काळजी करते. दुसऱ्या कामाचा पगार नाही.

जुनं डिझेल इंजिन होतं तोवर निभावलं. त्याच्या धडधडीत कुणालाच काही ऐकू यायचं नाही, म्हणून सगळं काम हातांच्या खुणांवर चालायचं. वळणावर एकजण झेंडी घेऊन उभा असायचा. त्या गोंगाटात सगळे सारखेच.

मग ही बुटकी आली. बॅटरीवर चालणारी, छोट्या टेम्पोएवढी. रबरी चाकांवर रस्त्यानं तुरुतुरु येते, रुळांवर आली की पोटाखालची लोखंडी चाकं खाली सोडते आणि स्वतःच्या कितीतरी पट वजनाचे डबे घेऊन निघते. चूं नाही की चां नाही. साहेबांनी झेंडीवाल्याला गोदामात धाडलं आणि दादाच्या नि ह्यांच्या हातात एकेक वॉकीटॉकी दिली.

"ह्या खेळण्यातनं नुसती खरखर येते," दादा पहिल्याच दिवशी म्हणाला. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. तो घरी टीव्ही भिंती हादरेपर्यंत मोठा करायचा, बोलणाऱ्याच्या ओठांवरून नजर हलवायचा नाही. वहिनी म्हणायची, "ह्यांचं लक्षच नसतं, पहिल्यापासून." लक्ष नसणं हा फार सोयीचा आजार आहे. त्याला डॉक्टर लागत नाही.

साहेबांना कळतं तर दादाला त्याच दिवशी खाली उतरवलं असतं. आणि इंजिनावरून उतरलेला दादा कुणालाच बघायचा नव्हता.

परवा दुपारी मी शेडच्या तोंडाशी शिडीवर उभी राहून डब्याच्या खिडक्या धूत होते. खाली, हाताच्या अंतरावर बुटकी. वळणापलीकडे हे डब्यांच्या मधे शिरलेले. उंचावरून मला दोघंही दिसत होते. ते दोघं मात्र एकमेकांना दिसत नव्हते. दादानं सवयीच्या अंदाजानं डबे हळूच मागं रेटायला सुरुवात केली. नेमका तेव्हाच ह्यांचा हातमोजा साखळीत अडकला.

"थांबा! दादा, थांबा!"

बुटकीच्या उघड्या खिडकीतून वॉकीवरचा ह्यांचा आवाज मला पाण्याच्या फवाऱ्यातही लख्ख ऐकू आला. दादा शांतपणे समोर बघत होता. बुटकी सरकतच होती.

हाक मारून उपयोग नाही, हे माझ्याआधी माझ्या हातांना कळलं. मी पाइप फिरवला आणि पाण्याची धार थेट त्याच्या खिडकीत मारली.

ब्रेक लागला. दादा भिजलेल्या मिशा पुसत ओरडला, "येडी झालीस काय गं?"

हे डब्यांमधून बाहेर आले ते एकाच हातात मोजा घालून; दुसरा साखळीतच राहिला होता. नळाखाली डोकं धरून उभे राहिले.

फोरमननी तिघांना खोलीत बोलावलं. ते दादाच्याच बरोबरीचे, एका डब्यातलं जेवलेले.

"वॉकी बंद पडली असणार," ते म्हणाले.

"हो, वॉकीच," हे म्हणाले.

बघायचं म्हणून फोरमननी स्वतःच्या वॉकीत "हॅलो" म्हटलं. टेबलावरची दादाची वॉकी खणखणीत बोलली, "हॅलो." कुणी कुणाकडे बघितलं नाही.

"बिघडलीच आहे," म्हणत फोरमननी ती ड्रॉवरमधे टाकली. "उद्या नवी देतो. उद्यापासून नीट होईल सगळं."

उद्या हे पुन्हा डब्यांच्या मधे शिरणार होते.

दादा आमच्याकडे पाठ करून दारात उभा होता, बुटकीकडे बघत.

"दादा, तुला ऐकू येत नाही," मी म्हटलं.

फोरमननी मान खाली घातली. ह्यांनी डोळे मिटून घेतले. खोलीत प्रत्येकाला ऐकू गेलं. दादा तेवढा बुटकीकडे बघत राहिला.

मी त्याच्या बाजूनं वाट काढून बाहेर पायरीवर उतरले आणि उजेडात, त्याच्या समोर जाऊन उभी राहिले. त्याची नजर माझ्या ओठांवर आली. मग मी तेच पुन्हा म्हटलं, सावकाश.