वीस लिटरची गाय

आतल्या खोलीत सासूबाईंचं ऑक्सिजनचं मशीन घुरघुरत होतं. ते सरकारी मदतीवर चालतं. ती मदत पुढे मिळणार की नाही, हे आमचं उत्पन्न तपासायला आलेला अधिकारी आज ठरवणार होता. सकाळीच मी नवऱ्याला बजावलं होतं, "विचारेल तेवढंच सांग. फुशारक्या मारू नकोस."

शहाण्यासारखा वागला बिचारा. जमीन सांगितली, गोठ्यातली एकुलती एक गाय दाखवली. निघता निघता अधिकारी गाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "जनावर मात्र देखणं ठेवलंय हो तुम्ही!"

झालं! नवऱ्याची छाती फुगली. "अहो, दिवसाला वीस लिटर देते!"

सहा देते मेली.

अधिकाऱ्याने पुन्हा कागद उघडला. "नक्की वीस? यावरच वर्षाचं उत्पन्न धरतात."

दाराआडून मी हात जोडले. नवऱ्याने मला पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण कुंपणापलीकडे शेजारी कान टवकारून उभा होता, आणि त्यालाही ह्याने वर्षभर वीसच सांगितले होते.

"नक्की," नवरा म्हणाला. "कधी कधी बावीस."