अस्के आवाज

मित्रांनो, तमिळ मुलखात, वेलचेरीतल्या एका शाळेत जिन्याखाली, चार विटांवर बसलेला जुना संगणक तो मी. विटा कौतुकाच्या नाहीत. पावसाळ्यात इथे गुडघाभर पाणी शिरतं, म्हणून त्या. नऊ वर्षं शाळेची वेबसाइट माझ्याच पोटातून चालली. निकाल, सुट्ट्या, संमेलनाचे फोटो मीच जगाला दाखवले. पहिल्या सरस्वतीपूजेला मला चंदनाचा टिळा लागला. पुढे माझ्यावर ओल्या छत्र्या ठेवू लागले.

माझ्यातलं सर्वांत मोलाचं धन अन्नपूर्णाबाईंचं होतं. त्या तंजावरच्या मराठी घराण्यातल्या, याच शाळेच्या निवृत्त शिक्षिका. आपली जुनी बोली बोलणाऱ्या चाळीस म्हाताऱ्यांचे आवाज त्यांनी घरोघर फिरून टिपले आणि माझ्यात ठेवले. बहुतेक जण आता हयात नाहीत. बाईंची थोरली बहीण महालक्ष्मीही त्यातच होती. चिंचेच्या साराची कृती सांगता सांगता कावळ्यावर खेकसणारी. दुसरी प्रत नव्हती. "हा आहे ना," असं बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणायच्या आणि मी फुगायचो.

यंदा ठरलं, वेबसाइट भाड्याच्या होस्टिंगवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर न्यायची. बरंच झालं, मी धापाच टाकत होतो. दोन कंपन्या समोर होत्या. एकीकडे भरपूर जागा आणि रोजची जादा प्रत. दुसरीकडे जागा चिमूटभर, पण शाळेचं नाव सोनेरी अक्षरांत गरगर फिरणार. व्यवस्थापक गिरीधर यांचा जीव त्या गरगरण्यावर जडला.

"अस्के आवाज राहूं दे. फिरतं नाव नक्को," बाई बैठकीत म्हणाल्या.

"अस्के म्हणजे?" पुण्याहून आलेला संगणकाचा शिक्षक यश हसला. "सगळे म्हणा ना, आजी. हे कसलं मराठी?"

सारी बैठक हसली, ज्यांना मराठीचा गंध नव्हता तेसुद्धा. फिरतं नाव जिंकलं.

दुसऱ्या दिवशी यश माझ्यापुढे बसला होता. "आजी, नव्या जागेत तुमचे आवाज मावत नाहीत. काय करू?"

बाईंनी टेबलावर पेनड्राइव्ह ठेवला. एरवी त्या चार वाक्यं बोलल्या असत्या. पुन्हा हसं होईल या धास्तीने एकच शब्द बोलल्या, "काढ." आणि निघून गेल्या.

त्यांच्या घरात काढ म्हणजे उचलून घे, तमिळमधल्या 'एडु'सारखं. अहो, पुण्यातही 'वही काढ' म्हटल्यावर कुणी वही फाडत नाही! पण यशला घाई होती. पेनड्राइव्हकडे न बघता त्याने आवाज काढून टाकले आणि मला पार कोरं केलं. मी निमूट हुकूम पाळला. मला त्याची लाज वाटते.

संध्याकाळी बाईंनी यशच्या संगणकाला पेनड्राइव्ह लावून पाहिला. तो रिकामा होता.

"तुम्हीच म्हणालात ना, काढ!" यश म्हणाला.

बाई एकेक अक्षर तोलून, अगदी पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "माझी चूक झाली. मी नीट बोलायला हवे होते."

"असू द्या, आजी," यशने मोठ्या मनाने माफ केलं.

मित्रांनो, माझी हळहळ नको. मी उद्या भंगारात जाईन. पण ज्या आवाजाची दुसरी प्रत नाही, त्याची आजच करा. आणि कुणाच्या बोलीचं हसू आलंच, तर गिळा. अन्नपूर्णाबाई अजून शाळेत येतात. यशशी त्या आता इंग्रजीत बोलतात.