कोच राहील की मिशी

रतनच्या सलूनमध्ये खुर्च्या दोनच होत्या, पण भटवाडीतली निम्मी कबड्डी तिथेच खेळली जायची. दाढीला येणारे थोडे, आणि बाकावर बसून आधी पेपर चघळणारे आणि पेपर संपला की टेकडीखालच्या कॉलेजचा संघ चघळणारे जास्त. त्या हिवाळ्यात तर बाकाला एकच विषय पुरला. कॉलेजचा कबड्डी कोच मार्तंड दांडेकर इथे टिकतो की नाही?

"टिकणार," चंद्रप्रकाश म्हणाला. तो बँकेत होता, त्यामुळे प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे आकडा असायचा. "तो यायच्या आधी आपण पहिल्या फेरीत घरी यायचो. गेल्या वर्षी उपांत्य, यंदा फायनल. असा माणूस कोण सोडेल?"

"माणूस कोण सोडतंय? माणूसच सोडून जाईल," बाकाच्या टोकावरून गुणाजी परब म्हणाला. "पार्ल्याचा तो. घाटकोपरची धूळ किती दिवस खाणार? चांगली नोकरी मिळाली की चालला."

"पण यार, पोरं खूश आहेत त्याच्यावर," रतन कात्री थांबवून म्हणाला.

"पोरं माझी आहेत!" गुणाजी एवढ्या जोरात म्हणाला की खुर्चीतल्या गिऱ्हाइकाने मान हलवली आणि रतनने जीभ चावली. "पकड मी शिकवली, दम मी शिकवला, आणि हा आयत्या पिठावर रेघोट्या ओढणार. ऐक रतन. ह्या वर्षी कॉलेजने त्याला कायम केला ना, तर ही मिशी तुझ्या वस्तऱ्याखाली."

सगळ्यांनी त्या मिशीकडे पाहिलं. भरदार, टोकाला जरा वळलेली, गिरणीच्या संघातून खेळायचा तेव्हापासूनची. बाप गेला तेव्हा उतरवली होती तेवढीच. पैज एकदम झकास होती आणि रतनने ती आरशावर खडूने लिहूनही टाकली.

गुणाजीच्या पोटात काय दुखत होतं ते बाकावरच्या सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडावर कोणी म्हणत नव्हतं. संपात गिरणी गेली, आणि तो कांजूरमार्गच्या एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून चिकटला. पण संध्याकाळी देवळामागच्या मोकळ्या जागेत वाडीतल्या पोरांना कबड्डी शिकवायची हे काही त्याने सोडलं नाही. कॉलेजच्या संघातली अर्धीअधिक पोरं त्याच मातीत लोळून मोठी झालेली. कॉलेजने कोच नेमायचं ठरवलं तेव्हा उपप्राचार्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "तुमच्यासारखाच कोणीतरी हवा, परब." गुणाजीने त्या दिवशी घरी पेढे नेले. आणि पुढच्या महिन्यात गळ्यात शिट्टी, हातात पतियाळाच्या क्रीडा संस्थेचा डिप्लोमा आणि पायात पांढरे बूट घालून मार्तंड दांडेकर आला. कबड्डीच्या मातीत पांढरे बूट! गुणाजीला पहिल्या दिवशी तेवढंच दिसलं आणि तेवढं पुरलं.

मार्तंडची नेमणूक तात्पुरती होती. फायनल झाली की त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा ते ठरणार होतं. तो गेला तर कॉलेजला दुसरा माणूस लागणार, आणि वाडीत दुसरा माणूस होता कोण? गुणाजी हे कोणाला बोलत नसे, पण रात्रीच्या जेवणात ताटातला भात कालवता कालवता त्याचा हात थांबायचा, आणि त्याच्या बायकोला, जानकीला, सगळं समजायचं.

"काय हो, तुमका सवत इली की काय?" ती हसून म्हणायची. "इतक्या तर मी पण जळाक नसतंय."

तो खाली मान घालून पुढचा घास घ्यायचा. खरंच सवतीसारखंच होतं ते. कुंडलिक आता चढाईला जाताना मान जराशी डावीकडे कलती ठेवायचा, ही सवय मार्तंडची. कुंडलिक म्हणजे संघाचा कप्तान, आणि गुणाजीचा सगळ्यात लाडका चेला. लहानपणी शेंबूड पुसत यायचा आणि 'काका, मला घ्या ना' म्हणून रडायचा. आता त्याच्या तोंडी उठता-बसता 'सर म्हणतात', 'सर म्हणतात'. ते दोन शब्द ऐकले की गुणाजीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

फायनल जोगेश्वरीच्या कॉलेजशी होती. आठवडाभर आधी मार्तंडने सराव बंद दाराआड सुरू केला. मैदानाच्या फाटकाला कुलूप, बघ्यांना मज्जाव. गुणाजीलाही शिपायाने फाटकावर अडवलं. "सरांनी सांगितलंय," शिपाई म्हणाला. गुणाजी हसला, वळला आणि रस्ताभर दातओठ खात घरी आला.

दुसऱ्याच दिवशी कुंडलिक घरी आला. खोलीत शिरेपर्यंत सरळ चालत होता, आत आल्यावर डावा पाय ओढायला लागला. खाली बसून त्याने पँट वर केली. घोट्यावर जाडजूड पट्टी.

"काका, कोणाला सांगू नका हां," तो म्हणाला. "जरा मुरगळलाय. काकूंकडे तेल आहे ना ते गावचं?"

जानकीने तेल कोमट करून दिलं. गुणाजी पट्टी सोडायला पुढे झाला तर कुंडलिकने पाय मागे घेतला. "सर म्हणतात, पट्टी सोडायची नाही. तेल मी घरी लावतो."

परत 'सर म्हणतात'. ज्या पायाला पकडीतून सुटायला गुणाजीने शिकवलं, त्या पायाला हात लावायलाही आता पार्ल्याची परवानगी! कुंडलिक तेलाची बाटली घेऊन गेला, आणि गुणाजी उंबऱ्यात कितीतरी वेळ उभा राहिला.

त्याच आठवड्यात वाडीत एका घरी सत्यनारायण होता. तिथे त्याचा गिरणीतला जुना दोस्त जयवंत भेटला. जयवंत जोगेश्वरीचा, तिथल्या कॉलेजच्या संघाच्या पुढेमागे करणारा. प्रसादाचा द्रोण हातात धरून तो चिडवायला लागला, "काय रे गुणाजी, तुमचा कोच तर लई भारी निघाला! आमच्याकडेपण सगळे त्याचंच नाव घेतात. तुला कोण विचारत नाय ना आता?"

गुणाजीने शिरा तोंडात टाकला, गिळला, आणि मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "एवढा भारी आहे तर कप्तानाचा डावा घोटा का नाही सांभाळला त्याने? पट्टीशिवाय उभा राहत नाही पोरगा."

जयवंतच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्याने विषय बदलला, आणि दुसरा द्रोण न घेताच तो निघाला. गुणाजीला आपण काय केलं ते तेव्हाच कळलं होतं. त्याने स्वतःची समजूत घातली की आपण पोरांविरुद्ध काही केलेलं नाही, फक्त मार्तंड हरायला हवा. पोरं हरल्याशिवाय कोच कसा हरेल, ह्या प्रश्नाकडे त्याने पाठ फिरवली.

फायनलच्या आदल्या संध्याकाळी स्वतः मार्तंड त्याच्या दारात हजर. पांढरे बूट बाहेर काढून, वाकून आत आला.

"गुणाजीराव, उद्या गाऱ्हाणं तुम्हीच घालायचं," तो म्हणाला. "मला त्यातलं काही येत नाही. पण मुलांना तुमच्या गाऱ्हाण्याशिवाय मैदानात उतरल्यासारखं वाटत नाही."

त्याचं ते साधं, स्वच्छ बोलणं गुणाजीला शिवीपेक्षा जास्त झोंबलं. नाही म्हणायला जीभ वळली नाही, कारण जानकी चहा घेऊन समोर उभी होती.

वाडीतली बहुतेक घरं तळकोकणातली. गावाकडे रवळनाथापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात, तसं इथे फायनलच्या आधी मैदानाच्या कडेला घालायचे. एकाने देवाला खणखणीत आवाजात साकडं घालायचं, आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं. तो आवाज गेली कित्येक वर्षं गुणाजीचा होता. लोकांना हजारदा थापा मारता येतात, पण गाऱ्हाण्यात खोटं बोलायचं नसतं, एवढं लहान पोरालाही ठाऊक.

दुपार कलली. मैदानाभोवती माणसं दाटली. संघ अर्धगोल करून हात जोडून उभा राहिला. मध्ये नारळ, मागे मार्तंड, अनवाणी.

"बा देवा रवळनाथा!" गुणाजीने सुरुवात केली. "आज ही तुझी पोरां तुझ्या पायाकडे इली हत, तेंका यश दी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"तेंच्या हातापायाक बळ दी रे महाराजा!"

"होय महाराजा!"

त्याने मनाशी ठरवलं होतं की इथेच थांबायचं आणि नारळ फोडायचा. पण वर्षानुवर्षांची सवय, जीभ आपली पुढे गेली.

"आणि कोणाची वाकडी नजर असात, कोणी घरातलोच आमच्या वायटावर असात..."

तो थांबला. मैदान शांत झालं. समोर कुंडलिक डोळे मिटून, डाव्या पायावरचा भार काढून उभा होता. गुणाजीने नजर नारळाकडे वळवली. पुढचं वाक्य म्हणावं तर ते स्वतःवरच, आणि गिळावं तर उद्या सलूनमध्ये प्रत्येकजण विचारणार, नेमकं तेच कसं विसरलास?

लोकांना वाटलं, त्याला भरून आलं. मागून कोणीतरी म्हणालं, "घाला, परब, घाला!"

"...तर त्येनी जा काय वाकडा केलेला असात," गुणाजीचा आवाज चिरकला, "ता वाकड्याचा सरळ कर, आणि ह्या पोरांच्या पदरात घाल रे महाराजा!"

"होय महाराजा!" सगळं मैदान दुमदुमलं, आणि त्या गर्दीत सगळ्यात मोठा आवाज मार्तंडचा होता.

सामना सुरू झाला. कुंडलिक पहिल्या चढाईला निघाला, जरासा लंगडत. जोगेश्वरीचा कोपऱ्यातला गडी जमिनीलगत वाकला आणि त्याची नजर डाव्या घोट्यावर खिळली. गुणाजी गर्दीतून पुढे घुसला. तो कोच, ती नोकरी, ते पांढरे बूट, सगळं क्षणात पुसलं गेलं. तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "कुंडल्या, डावा सांभाळ! डाव्यावर येतील!"

कुंडलिकने मध्यरेषेवरून एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं आणि तो आत शिरला.

कोपऱ्यातल्या गड्याने घोट्यावर झेप घेतली. पण डावा पाय तिथे नव्हताच. तो झेप घेणाऱ्याच्या पाठीला चाटून सप्पकन वर गेला, आणि उजव्या पायाने आणखी एकाला टिपून कुंडलिक उडी मारून रेषेच्या अलीकडे आला. दोन गडी बाद. पुढच्या चढाईला तसंच, त्याच्या पुढच्याला तसंच. जोगेश्वरीवाले गेले काही दिवस घोटा धरण्याची तयारी करून आले होते, आणि कुंडलिक त्यांना तोच घोटा पुढे करून खेळवत होता. मध्यंतराआधीच त्यांचा अख्खा संघ बाद होऊन त्यांच्यावर लोण चढला. पोरगा हरणासारखा पळत होता. पायाला काही झालेलंच नव्हतं.

लोक नाचत होते. गुणाजीलाही आनंद व्हायला हवा होता. पोरगा धडधाकट आहे म्हणून त्याचा जीव भांड्यात पडला हे खरं, पण पाठोपाठ दुसरंच काहीतरी टोचलं. मार्तंड आणि कुंडलिक, दोघांचं एक गुपित होतं आणि तो त्या गुपिताच्या बाहेर होता. जिंकल्यावर पोरांनी मार्तंडला खांद्यावर घेतलं. गुणाजी फाटकातून एकटाच बाहेर पडला.

चार दिवसांत बातमी आली. मार्तंड दांडेकर कायम.

गुणाजी शब्दाचा पक्का. रविवारी सकाळी सलूनमध्ये गेला आणि खुर्चीत बसला. बाकावर हशा उसळला. रतनने मिशीला फेस फासला आणि उगाच वस्तरा पट्ट्यावर घासत राहिला, कारण त्याचा हात धजत नव्हता. तेवढ्यात दारात मार्तंड आणि कुंडलिक, पेढ्यांचा पुडा घेऊन.

"या सर, या!" चंद्रप्रकाश उठला. "त्या पट्टीचं एकदा सांगाच. सुचलं कसं?"

"सुचणं सोपं होतं हो," मार्तंड म्हणाला. "बातमी जोगेश्वरीला पोचली नसती तर डाव फुकट होता. मी ह्याला म्हटलं, अशा एकाच माणसाला पाय दाखव, जो बाहेर बोलल्याशिवाय राहणार नाही. आणि ह्या शहाण्याने कोणाला दाखवावा? गुणाजीरावांना! मी असा चिडलो ह्याच्यावर! म्हटलं, अरे, सगळ्या घाटकोपरमध्ये जो माणूस तोंड उघडणार नाही, नेमका तोच सापडला तुला? वाट लागली आता." तो मनापासून हसला. "पण देव जाणे कसं, बातमी गेली. कोणीतरी दुसऱ्यानेच पाहिलं असणार."

बाकावरचे सगळे हसले. गुणाजीने आरशात पाहिलं. फेसाने अर्धा चेहरा झाकलेला, वर नुसते डोळे. त्या डोळ्यांच्या मागे कुंडलिक उभा होता आणि तो हसत नव्हता. माणूस ओळखायला पोरगा चुकला नव्हता. मार्तंडला जे दिसलं नाही ते ह्याला दिसलं होतं, आणि त्याच भरवशावर त्याने घरी येऊन पाय ओढून दाखवला होता.

खुर्चीतून उठून पळून जावं असं गुणाजीला वाटलं. कुंडलिक पुढे आला आणि पुड्यातला पेढा त्याने गुणाजीच्या हातात ठेवला.

"काका," तो हळूच म्हणाला, फक्त त्यालाच ऐकू जाईल असं, "पहिल्या चढाईला तुम्ही ओरडलात ना, ते ऐकलं मी."

मग तो सरांच्या शेजारी जाऊन बसला.

"मग गुणाजी, आता बोल," चंद्रप्रकाशने बाकावरून हाक दिली. "किती वर्षं टिकतो कोच?"

गुणाजीने पेढा मुठीत घट्ट धरला. आरशात त्याला शेजारी शेजारी बसलेले ते दोघे दिसत होते आणि अजूनही ते बघवत नव्हतं.

"टिकेल," तो म्हणाला. "काढ रे रतन."