मागचं दार

परदेशी कंपनीचे पाहुणे कारखाना बघायला येणार, म्हणून त्या दिवशी शिलाईच्या हॉलचं मागचं दार सताड उघडं होतं. एरवी त्याला बाहेरून कुलूप. माल चोरीला जातो, असं सुपरवायझर सांगायचा.

कॉलर लावणाऱ्या थोरल्या जाऊबाई आणि शेजारी बाह्या जोडणारी त्यांची धाकटी जाऊ, दोघींच्या पाठीला आज वारा लागत होता. गेल्याच आठवड्यात विजेच्या बोर्डातून धूर निघाला, तेव्हा सगळ्या बाया ह्याच बंद दारावर जाऊन आदळल्या होत्या. धाकटी त्यात चेंगरली. तिचं मनगट अजून सुजलेलं होतं. नुसती वायरच जळाली, म्हणून निभावलं.

पाहुणे आले, उघड्या दाराचा फोटो काढून गेले. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच सुपरवायझर कुलूप घेऊन हजर.

जाऊबाईंनी मशीन बंद केलं, स्टूल उचललं, उंबऱ्यातच नेऊन ठेवलं आणि त्यावर बसल्या.

त्याने आधी समजावलं, मग आवाज चढवला, शेवटी मालकाला बोलावलं. मालकानेही चोरीचंच पालुपद लावलं.

"साहेब, तुमच्या ह्या परदेशी मापाच्या एका शर्टात आम्ही दोघी जावा मावतो," जाऊबाई म्हणाल्या. "चोरून घालणार कोण?"

हॉलभर खसखस पिकली. मालक वरमला, पण हटला नाही. तिकडच्या लोकांना कपडा स्वस्त लागतो, म्हणाला. दार उघडं ठेवून राखणीला माणूस बसवला की भाव वाढणार, भाव वाढला की ऑर्डर दुसऱ्या देशात जाणार. मग खाल काय?

"गेली तर जाऊ दे. जिवंत राहिलो तर दुसरं काम शोधू."

धाकटीने दुखऱ्या हाताने आपलं स्टूल ओढत आणून जावेशेजारी टेकवलं. मग काज-बटणवाल्या उठल्या. एकेक मशीन गप्प होत गेलं. माल संध्याकाळपर्यंत बंदरावर पोचायचा होता. मालकाने घड्याळ पाहिलं, बायांकडे पाहिलं आणि सुपरवायझरला कुलूप घेऊन जायला सांगितलं.

दार उघडं राहिलं. राग मात्र जाऊबाईंवर निघाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना मशीनवरून काढून उभ्याने धागे कापायला लावलं.

घरी सासूबाई करवादल्या. एवढ्या बायांत तुलाच बरी अवदसा आठवली, म्हणाल्या. जाऊबाईंनी सुजलेले पाय गरम पाण्यात सोडले आणि धाकटीला सांगितलं, की उद्या पिण्याच्या पाण्याचं बोलायचंय; पिंपात किडे असतात.