भट्टीवाल्यांचा समुद्र

माझ्या वडिलांनी उभा जन्म आरमारात काढला आणि समुद्र जवळजवळ पाहिलाच नाही. अणुशक्तीवर चालणाऱ्या एका युद्धनौकेच्या भट्टीवर ते होते, आणि भट्टी असते पार तळाशी, पाण्याच्या रेषेखाली. तिथे खिडकी नसते. असती तर पंचाईत झाली असती. सफरीहून घरी आले की शेजारचा न्हावी हमखास विचारायचा, "काय भट्टीवाले, समुद्र कसा होता?" बाबा म्हणायचे, "अकरा अंश." भट्टीची यंत्रं थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेतात आणि त्या नळावर तापमापक असतो. बाबांची आणि समुद्राची ओळख तेवढीच.

जहाज नवं होतं तेव्हा त्याचा थाट काही औरच होता. एकदा इंधन भरलं की वर्षानुवर्षं बघायला नको. ज्या देशाशी आपलं बिनसलंय त्याच्या किनाऱ्यासमोरून ते नुसती एक फेरी मारून यायचं आणि तिथल्या मंत्र्यांची भाषा मवाळ व्हायची. रागाने त्याने एकही गोळा टाकला नाही. पाहुणे आले की सलामीला तोफा उडायच्या, त्यात एकदा आमच्या कपाटाच्या काचेला तडा गेला. या जहाजाने केलेलं नुकसान म्हणून मला दाखवता येईल ते एवढंच.

जहाज थकलं ते उभं राहून. इतर जहाजं धक्क्याला लागली की आपली इंजिनं बंद करतात आणि किनाऱ्यावरून वीज घेतात. आमचा धक्का बांधलेला लहान जहाजांसाठी. एवढ्या मोठ्या धुडाला पुरेल अशी केबल तिथे नव्हतीच. ती येणार, येणार, असं बाबांचे केस काळे होते तेव्हापासून चाललं होतं. तोवर दोरांनी बांधून ठेवलेल्या जहाजात अणुभट्टी रात्रंदिवस चालू. कशासाठी, तर जिन्यातले दिवे, अंघोळीचं पाणी आणि कप्तानसाहेबांच्या खोलीतला पंखा. एक अंडं उकडायला हंडाभर पाणी तापवावं तसा प्रकार. नवं इंधन भरायचा विषय काढला की वरचे लोक हवापाण्यावर बोलायला लागायचे.

बाबांच्या मते उरलेल्या इंधनात एक लांबची सफर नक्की होती. ती झाली की निवृत्ती. "त्या सफरीत भट्टी धाकट्या इंजिनियरच्या गळ्यात घालणार," ते जेवताना सांगायचे, "आणि मी वर डेकवर खुर्ची टाकून बसणार. कुणी कितीही हाका मारल्या तरी खाली जायचं नाही."

"स्वेटर न्या," आई म्हणायची. तिच्या लेखी सफर ठरलेलीच होती.

माणसाने आयुष्यभराच्या नोकरीनंतर मागून मागायचं काय, तर खुर्ची. मला त्याचं वाईट वाटायचं आणि ती खुर्ची त्यांना मिळायलाच हवी असंही वाटायचं.

मी बंदराच्या वीजखात्यात आहे. बाईमाणूस असले तरी हुद्दा वायरमनचाच. शेवटी केबल मंजूर झाली तेव्हा ती टाकायचं काम माझ्याच टोळीकडे आलं. बाबा रोज धक्क्यावर येऊन केबलच्या रिळावर हात फिरवून जायचे. आता भट्टीला विश्रांती मिळणार होती आणि इंधन सफरीसाठी राहणार होतं. मी एकेक जोड दोनदा तपासला. इतकं जीव लावून काम मी त्याआधी केलं नव्हतं, खात्याने गैरसमज करून घेऊ नये.

जोडणी झाली त्याच आठवड्यात शहराच्या वीजकेंद्राचा बॉयलर फुटला. कुणाला खरचटलंही नाही, फक्त शहर अंधारात गेलं. दुसऱ्या दिवशी महापौर धक्क्यावर आले. त्यांनी केबल पाहिली, मग जहाज पाहिलं, मग पुन्हा केबल पाहिली.

"ही उलटी चालते का?" त्यांनी विचारलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वायरीला काय, ढकलाल तिकडे वीज जाते. "चालते," मी म्हटलं. बाबा शेजारीच उभे होते. ते एवढंच म्हणाले, "किती दिवस?"

"बॉयलर दुरुस्त होईपर्यंत," महापौर म्हणाले. "दोनच महिने."

संध्याकाळी शहरात दिवे लागले आणि रस्त्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा घरी आले, चपला काढल्या आणि दिवाणखान्यातला दिवा बंद केला.

त्या दोन महिन्यांची चार वर्षं झाली. बॉयलरची निविदा निघायची, रद्द व्हायची, पुन्हा निघायची. एवढी भक्कम वीज फुकटात मिळत असताना बॉयलरची घाई कुणाला असणार? मिठाईवाल्याने दुकानावर फिरती पाटी लावली. महापौरांनी चौकात रंगीत कारंजं बसवलं. आणि बाबांनी आमच्या घरात अंधाराचं राज्य सुरू केलं. तुम्ही ज्या खोलीत नाही त्या खोलीत दिवा नाही, आणि ज्या खोलीत आहात तिथेही गरज सिद्ध करायची.

"अहो, मीठ कुठलं नि साखर कुठली, काही दिसत नाहीये," आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

"चाखून बघ."

गच्चीचा दिवा तर त्यांनी होल्डरसकट बांधून ठेवला. घर पुरेना म्हणून ते गल्लीत शिरले. जिन्यातले दिवे घालवायचे, न्हाव्याच्या दुकानात जाऊन, गिऱ्हाईक खुर्चीत असताना, दोनातला एक पंखा बंद करायचे. न्हावी माझ्याकडे तक्रार घेऊन आला. "ताई, भट्टीवाल्यांना सांभाळा. डोक्यावर परिणाम झालाय त्यांच्या."

मी त्याला असं काही झापलं की पुढचे सहा महिने आमच्या घरचे केस मीच कापले.

मग जहाजाचा रौप्यमहोत्सव आला. त्याचा गौरव म्हणून त्याच्यावर शेंड्यापासून पाण्यापर्यंत रोषणाई करायचं ठरलं आणि बंदराचा अख्खा रस्ताही उजळायचा. माळा लावायचं काम अर्थात माझ्या टोळीकडे. बाबा कप्तानसाहेबांना भेटून आले, म्हणाले, इंधन तळाला लागलंय. कप्तानसाहेब भला माणूस. त्यांनी बाबांना चहा पाजला आणि वरून हुकूम आहे म्हणून सांगितलं. आठवडाभर जहाज झगमगत होतं. भाषणं झाली; हे जहाज अजून पुष्कळ सागर पादाक्रांत करील, असं महापौर म्हणाले. माझ्या हातात पक्कड होती. फेकून मारली नाही, याचं श्रेय शिक्षणाला.

महिन्याभरात भट्टी कायमची बंद करायचा हुकूम आला. बाबा दुपारीच घरी आले.

"संपलं?" आईने विचारलं.

"संपलं."

भट्टी विझायच्या आधीच, आठवड्याच्या आत, वीजकेंद्राचा नवा बॉयलर सुरू झाला. गरज पडल्यावर तो कसा कोण जाणे लगेच मिळाला. शहराला काही कळलंही नाही. मी मात्र न्हाणीघरात नळ सोडून रडून घेतलं.

जहाज तोडायच्या कारखान्यात ओढून न्यायचं होतं, लांब, दुसऱ्या किनाऱ्याला. पोटात भट्टी आहे तोवर तिचा जाणकार माणूस जहाजावर हवाच, असा नियम. धाकटा इंजिनियर केव्हाच नोकरी सोडून गेला होता. राहिले बाबा. भट्टी बंद, यंत्रं बंद, खाली करायचं काहीच नाही. जहाजावर फक्त असायचं.

निघायच्या दिवशी आईने स्वेटर बांधून दिला. बाबांनी घडीची खुर्ची काखेत मारली आणि गेले. दोन ओढबोटींनी जहाज सकाळी हलवलं, पण ते इतकं सावकाश जात होतं की दिवेलागणीला अजून आमच्या घरासमोरच होतं. त्याच्यावर एकही दिवा नव्हता, बोटींचे होते तेवढेच.

आई मला घेऊन गच्चीवर गेली. बांधलेला होल्डर तिने सोडला, मला बल्ब लावायला लावला आणि बटण दाबलं. मग माझा फोन वाजला. मी उचलला.

"बाबा, कुठे आहात?"

"वर. डेकवर. बसलोय."

"समुद्र कसा आहे?" मी विचारलं आणि आकड्याची वाट बघितली.

बराच वेळ नुसता वारा ऐकू आला. "मोठा आहे गं," बाबा म्हणाले.

मी फोन आईकडे दिला. बाबांचा आवाज मला शेजारी उभं राहूनही ऐकू येत होता.

"अगं, गच्चीचा दिवा चालू राहिलाय."

"असू दे," आई म्हणाली.

मग बाबा म्हणाले, "बरं, असू दे."