दोनाचं काय केलंस?

सिग्रिदने लॅपटॉप ब्रेंटच्या पुढ्यात जवळजवळ आपटलाच. त्याच्या कपातली कॉफी हिंदकळली.

"हा रकाना आकड्यांचाच ठेव, असं लिहून दिलं होतं मी तुला. याचा हो-नाही कोणी केला?"

"टूलने सुचवलं, मी मान्य केलं." ब्रेंटने टेबल पुसलं. डेटाबेस बदलून देण्याचं कंत्राट त्याच्या कंपनीचं. सकाळीच नवा डेटाबेस सुरू झाला होता आणि स्वारी खुशीत होती. "जुन्यात हो-नाहीचा वेगळा प्रकार नव्हता, म्हणून लोक शून्य आणि एक लिहायचे. नव्यात आहे. शून्य म्हणजे नाही, बाकी सगळं हो. एवढी कशाला डोक्यात राख घालून घेतेस?"

"त्यात काही ठिकाणी दोन पण आहेत, ब्रेंट!"

"मूठभर असतील. दाबलं असेल कुणीतरी चुकून."

चुकून! सिग्रिदच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विनिपेगमधल्या या केंद्रात नवऱ्याचा मार खाल्लेल्या बायका यायच्या. नाव नोंदवताना त्यांना विचारलं जाई, घरच्या फोनवर निरोप ठेवायचा का? शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे हो. आणि दोन म्हणजे, तुम्ही फोनच करू नका, जमेल तेव्हा मीच करेन. हे सांगताना बाईचा आवाज किती खाली जातो, ते सिग्रिदने नोंदणीच्या टेबलावर बसून ऐकलं होतं. आणि हा शहाणा म्हणतो, चुकून.

"मला एकदा विचारायला काय झालं होतं तुला? भेटीची आठवण करून देणारे ते आपोआप जाणारे फोन बंद कर आधी!"

"करतो बाई, जेवून आलो की..."

"आत्ता!"

तो कुरकुरत कीबोर्डकडे वळला. तेवढ्यात स्वागतकक्षात नव्यानेच लागलेली पर्ल हसत दारात आली.

"काय झकास आहे तुमचं हे नवीन! सकाळपासून फोन आपोआप गेले. एकाने तर उलट फोन केला. इतका गोड बोलत होता! म्हणाला, बायकोला मीच आणून सोडतो, वेळ आणि पत्ता सांगा."

ब्रेंटची बोटं थांबली.

"आणि तू सांगितलंस?" सिग्रिदने विचारलं.

"पडद्यावर 'हो' होतं ना! अडीच म्हटलं." पर्लचं हसू मावळलं. "का गं? काय झालं?"

अडीच वाजतच आले होते. सिग्रिद खिडकीशी गेली. खाली बर्फाने भरलेल्या आवारात एक पिकअप इंजिन चालू ठेवून उभी होती. आतला माणूस केंद्राच्या दाराकडे बघत होता. त्याच्या शेजारची सीट रिकामी होती.

"पर्ल, दाराला कुलूप लाव. पळ!" पोलिसांचा नंबर फिरवता फिरवता ती ओरडली, "ब्रेंट, अडीचची नोंद काढ आणि त्या बाईच्या घरी फोन लावून बघ."

ब्रेंटने दुसरा फोन उचलला. घंटा वाजत राहिली.

"उचल गं, उचल," तो पुटपुटला.

मग खट्ट झालं आणि पलीकडून रेकॉर्ड केलेला एक गोड पुरुषी आवाज आला. आम्ही आत्ता घरी नाही, कृपया निरोप ठेवा.

ब्रेंटने निरोप न ठेवता फोन खाली ठेवला.